व्हिडिओ कॅसेटवरचे माहितीपट आणि त्यांत न आलेली माणसे

व्हिडिओ कॅसेटचा धंदा बसल्यानंतर, म्हणजे साधारण 2010 नंतर, त्या काळाच्या आठवणी सांगणारे माहितीपट एकामागून एक निघू लागले. अमेरिकेत 2013 साली ‘रिवाइंड धिस!’ आणि ‘अ‍ॅडजस्ट युअर ट्रॅकिंग’ हे दोन आले, 2020 मध्ये ओरेगन राज्यातील बेंड या गावी ‘ब्लॉकबस्टर’ या कॅसेटी भाड्याने देणाऱ्या दुकानसाखळीच्या उरलेल्या शेवटच्या दुकानावर एक आला, आणि त्याच धाटणीचे आणखी काही मधल्या वर्षांत येऊन गेले. हे माहितीपट मन लावून केलेले आहेत आणि त्यांत माहितीही भरपूर आहे. तरीही त्यांतले दोन-तीन पाठोपाठ पाहिले की एकच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येते: जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटींनी भरलेले कपाट आणि त्यापुढे बसून बोलणारा, तिशी-चाळिशीतला गोरा पुरुष. तो बहुधा भयपटांचा शौकीन असतो, एखादी दुर्मिळ कॅसेट कोणत्या गावच्या जुन्या बाजारात कशी हाती लागली हे रंगवून सांगतो, आणि त्याच्या आठवणींतून एका पिढीचा इतिहास उभा राहतो. काळे, आशियाई किंवा लॅटिन अमेरिकी चेहरे त्या मानाने क्वचित दिसतात, आणि स्त्रियाही थोड्याच.

यावर आक्षेप घेतला की एक उत्तर हमखास मिळते: कॅसेट जमवणारे लोकच असे आहेत, त्याला दिग्दर्शक काय करणार? हे उत्तर खोटे म्हणता येत नाही, कारण व्हीएचएस, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेटचा सर्वाधिक चाललेला प्रकार, जमवणाऱ्यांचे अमेरिकेतील वर्तुळ बऱ्याच अंशी तसेच आहे. अडचण अशी की माहितीपट सुरू होतो तो व्हिडिओने घराघरांत काय बदलले हे सांगण्याचे आश्वासन देऊन, आणि प्रत्यक्षात बोलतो तो कॅसेट जपून ठेवणाऱ्या मोजक्या माणसांविषयी. म्हणून माझ्या मते अशा माहितीपटातील प्रतिनिधित्वाचा निकाल मुलाखतींची यादी करताना लागत नाही. तो त्याच्या बराच आधी, व्हिडिओ संस्कृती म्हणून कोणती कृती धरायची हे ठरते तेव्हाच लागलेला असतो. जमवणे ही मुख्य कृती धरली तर जमवणारे दिसणार. भाड्याने आणणे, शेजाऱ्यांसह पाहणे, दूरचित्रवाणीवरून उतरवून घेणे, दुकान चालवणे किंवा स्वतः चित्रित करणे या कृती धरल्या, तर पडद्यावरची माणसे आपोआप बदलतात.

त्यासाठी घरगुती व्हिडिओ ही गोष्ट कशी घडली ते थोडक्यात पाहू. सोनीने 1975 मध्ये बीटामॅक्स हे घरगुती व्हिडिओ कॅसेटचे यंत्र आणले आणि 1976 मध्ये जेव्हीसीने जपानमध्ये व्हीएचएस बाजारात आणले. पुढल्या वर्षी ते अमेरिकेत पोचले. यंत्राचा मूळ उपयोग दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम उतरवून सवडीने पाहण्याचा होता. 1977 मध्येच एका चित्रपटसंस्थेने आपले 50 चित्रपट कॅसेटवर विकण्याचे हक्क दिले, आणि लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांनी त्या कॅसेटी विकत घेऊन भाड्याने द्यायला सुरुवात केली. अमेरिकी कायद्यानुसार कायदेशीर प्रत एकदा विकत घेतली की ती भाड्याने देण्यासाठी चित्रपटसंस्थेची वेगळी परवानगी लागत नव्हती, त्यामुळे थोड्या भांडवलावर कोणालाही दुकान थाटता आले. घरी कार्यक्रम उतरवणे हा कॉपीराइटचा भंग आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी 1984 मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय प्रेक्षकांच्या बाजूने लागला. थोडक्यात, भाड्याची दुकाने आणि घरातील ध्वनिचित्रमुद्रण या दोन पायांवर ही संस्कृती उभी राहिली. संग्रहाचा छंद त्यात होता, पण कोपऱ्यात.

मग माहितीपटांत हा कोपरा सगळी खोली का व्यापतो? माहितीपट कसा तयार होतो हे पाहिले की उलगडा होतो. दिग्दर्शकाकडे पैसा मोजका असतो आणि दिवस त्याहून मोजके. संग्राहक शोधायला सोपा असतो, कारण तो मेळाव्यांना जातो, इंटरनेटवर लिहितो आणि स्वतःहून बोलायला उत्सुक असतो. एक संग्राहक दुसऱ्याचे नाव सुचवतो, दुसरा तिसऱ्याचे, आणि अशा ओळखीच्या साखळीत साहजिकच एकसारखीच माणसे येत राहतात. संग्राहकाच्या घरी कॅमेऱ्याला दाखवण्याजोगी वस्तू असते; ज्या बाईने 1986 मध्ये शनिवारी दोन चित्रपट भाड्याने आणले आणि सोमवारी परत केले, तिच्या घरी आज दाखवायला काहीच नसते. शिवाय असे माहितीपट अनेकदा चाहत्यांनी इंटरनेटवर भरलेल्या वर्गणीतून उभे राहतात, आणि वर्गणी देणाऱ्याला स्वतःच्या आवडीचे जग पाहायचे असते. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. प्रत्येक टप्प्यावर सोयीचा मार्ग घेतला तरी शेवटी एकाच प्रकारची माणसे पडद्यावर उरतात.

याचा परिणाम किती दूरवर जातो याचे एक उदाहरण पुरेसे आहे. सुरुवातीच्या काळात चित्रपटाची कॅसेट इतकी महाग असे की सामान्य अमेरिकी ग्राहक ती विकत घेण्याऐवजी भाड्यानेच आणी. ही सवय मोडणाऱ्या पहिल्या मोठ्या कॅसेटींपैकी एक होती अभिनेत्री जेन फोंडा यांची 1982 सालची व्यायामाची कॅसेट. किंमत 59 डॉलर 95 सेंट, म्हणजे तेव्हाच्या हिशेबात भरमसाट, आणि तरीही तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. कारण उघड होते: चित्रपट एकदा पाहून परत करता येतो, व्यायाम रोज करायचा असतो. व्यायामशाळेत जायला सवड, पैसा किंवा धीर नसलेल्या लक्षावधी स्त्रियांनी दिवाणखान्यातील टेबल बाजूला सारून तिचा उपयोग केला. कॅसेट स्वतःच्या मालकीची असावी ही कल्पना रुजवण्यात त्या ग्राहक स्त्रियांचा वाटा मोठा आहे. तरीही कॅसेट-मालकीचा इतिहास सांगताना ज्यांना तज्ज्ञ म्हणून बसवले जाते त्यांच्यात त्या क्वचितच असतात. व्यायामाची कॅसेट संग्राहकांच्या जगात हास्यास्पद वस्तू ठरते, भयपटाची मोलाची ठरते, आणि मोलाचे काय हे ठरवण्याचा हा अधिकारच पुढे इतिहास होऊन बसतो. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 2015 मध्ये सुमारे 2,700 व्हीएचएस कॅसेटींचा संग्रह घेतला, तोही मुख्यतः भयपट आणि सवंग करमणुकीच्या चित्रपटांचा होता. तो घेतला हे चांगलेच झाले. पण अशा प्रत्येक निर्णयाने पुढच्या अभ्यासकाला काय सापडेल हेही ठरत जाते.

इथे प्रतिनिधित्वाचे दोन थर वेगळे करून पाहिलेले बरे. पहिला थर मोजणीचा: पडद्यावर किती स्त्रिया, कोणत्या वंशाचे, वर्गाचे, देशाचे किती लोक. हा थर बिनमहत्त्वाचा नाही, पण तो सहज भरून काढता येतो. दोन-चार मुलाखती वाढवल्या की आकडे सुधारतात. दुसरा थर भूमिकेचा आहे. माहितीपटात काही माणसे अर्थ सांगतात, काही केवळ अनुभव सांगतात, आणि काही नुसती दाखवली जातात. तज्ज्ञाच्या खुर्चीवर कोण बसतो, निवेदन कोणाच्या आवाजात आहे, आणि कोणाचे चित्र त्याच्या तोंडून एक वाक्यही न घेता सरकून जाते, हे पाहिले की आकड्यांत न दिसणारा असमतोल दिसू लागतो.

या दुसऱ्या थराच्या दृष्टीने मला मॅट वुल्फ यांचा 2019 चा ‘रेकॉर्डर: द मॅरियन स्टोक्स प्रोजेक्ट’ हा माहितीपट सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. मॅरियन स्टोक्स या फिलाडेल्फियातील काळ्या स्त्री. 1929 चा जन्म. पूर्वी ग्रंथपाल, डाव्या चळवळीत सक्रिय, आणि त्यामुळे सरकारी पाळतीखाली राहिलेल्या. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्या स्थानिक दूरचित्रवाणीवरील एका चर्चेच्या कार्यक्रमात सहभागी होत. 1979 मध्ये इराणमधील ओलीसप्रकरण सुरू झाले तेव्हापासून त्यांनी बातम्या उतरवून ठेवायला सुरुवात केली आणि डिसेंबर 2012 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, दिवसरात्र, एकाच वेळी अनेक यंत्रांवर हे काम चालू ठेवले. व्हीएचएस यंत्रावर फीत सावकाश फिरवली की दोन तासांची कॅसेट सहा तास चालते, चित्र मात्र मळकट येते. स्टोक्स यांना चित्राच्या सफाईपेक्षा सलगता महत्त्वाची होती, म्हणून घरातील सगळ्यांचे वेळापत्रक त्या सहा तासांना बांधलेले असे. जेवायला बाहेर गेलेले कुटुंब कॅसेट बदलण्यासाठी लगबगीने घरी परते. अखेर सुमारे 70,000 कॅसेटी जमल्या, त्या ठेवण्यासाठी वेगळ्या सदनिका लागल्या, आणि मृत्यूनंतर तो सगळा साठा सॅन फ्रान्सिस्कोतील ‘इंटरनेट अर्काइव्ह’कडे गेला.

स्टोक्स यांनीही कॅसेटी जमवल्याच. मग कपाटापुढच्या त्या पुरुषापेक्षा त्या वेगळ्या कशा? त्यांना कॅसेट ही वस्तू म्हणून प्रिय नव्हती. बातमी पहिल्या तासाला कशी सांगितली जाते, संध्याकाळपर्यंत तिची भाषा कशी बदलते आणि आठवड्याने तिच्यातून काय गळून पडते, याचा पुरावा त्यांना हवा होता. वाहिन्या स्वतःचे प्रक्षेपण नीट जपत नाहीत हे ग्रंथपालाच्या नजरेने त्यांनी वेळीच ओळखले होते. एक काळी स्त्री घरातील यंत्राने मोठमोठ्या वाहिन्यांची झाडाझडती घेण्याची तयारी करत होती, ही घरगुती व्हिडिओच्या इतिहासातील एक मोठी घटना आहे. पण संग्राहकांच्या माहितीपटांच्या व्याख्येत ती बसतच नाही, कारण त्या कॅसेटींना आकर्षक वेष्टन नाही आणि बाजारात भाव नाही.

वुल्फ यांचा माहितीपट त्यांना थोर ठरवून मोकळा होत नाही, हेही नोंदवायला हवे. त्यांचा मुलगा दुराव्याविषयी बोलतो. त्यांच्याकडे कामाला असलेली माणसे, गाडी चालवणारा, शुश्रूषा करणारी, मदतनीस, हेही बोलतात. आणि हा भाग मला विशेष वाटतो, कारण एवढा संग्रह एकटीच्या बळावर झाला नव्हता. पैसा होता, नोकरमाणसे होती, आणि त्यांच्या वेळेवर मालकिणीचा हक्क होता. वंचित गटातील व्यक्तीला पडद्यावर आणताना तिचे सगळे काने-कोपरे घासून गुळगुळीत करण्याचा मोह होतो. तसे केले की ती व्यक्ती उरत नाही, नुसते प्रतीक उरते. स्टोक्स हट्टी होत्या, घरच्यांना जाचक होत्या आणि तरीही दूरदृष्टीच्या होत्या, हे तिन्ही एकत्र राहू दिल्यामुळे माहितीपटात जीव आला आहे. एक उणीव मात्र राहते. हयात नसलेल्या स्त्रीविषयी बाकीचे सगळे बोलतात, आणि तिचा स्वतःचा आवाज तिने मागे ठेवलेल्या सामग्रीतून जेवढा मिळतो तेवढाच.

दुकानदारांची गोष्ट स्थलांतरितांशिवाय सांगताच येत नाही. न्यूयॉर्कमधील ‘किम्स व्हिडिओ’ हे नावाजलेले दुकान कोरियाहून आलेल्या योंगमन किम यांनी 1980 च्या दशकात आपल्या कपडे धुण्याच्या दुकानातून सुरू केले आणि त्याचा साठा पुढे 55,000 चित्रपटांपर्यंत गेला. मुख्य दुकान बंद झाल्यावर तो साठा सिसिलीतील सालेमी या गावी पाठवला गेला आणि अनेक वर्षे धूळ खाऊन 2022 मध्ये न्यूयॉर्कला परतला. त्यावरील 2023 च्या माहितीपटात मात्र निवेदन दिग्दर्शकाचे, कुतूहल दिग्दर्शकाचे आणि पराक्रमही दिग्दर्शकाचा. किम स्वतः बराच वेळ एखाद्या गूढ व्यक्तीसारखे दुरूनच दिसतात. कोरियाहून आलेल्या माणसाने हे दुकान का आणि कसे चालवले, हा प्रश्न त्या पाठलागाच्या रंजकतेत मागे पडतो. लंडनजवळच्या साउथॉलमध्ये तर पंजाबी कुटुंबांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस, ब्रिटनमधील बहुतेक घरांच्या आधी, व्हीसीआर घेतले, कारण ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्यांच्या भाषेचे फारसे काही नव्हते. पुढे हिंदी चित्रपटांच्या कॅसेटी किराणा दुकानांतून भाड्याने मिळू लागल्या, आणि मराठी नाटकांच्या व लग्नांच्या कॅसेटीही परदेशातील मराठी घरांत पोचल्या. व्हिडिओची गरज ज्यांना आधी आणि जास्त होती ते हे लोक. पाश्चात्त्य माहितीपटांत त्यांच्या वाट्याला फार तर एखादे ओझरते दृश्य येते.

वर्गवारीचा एक प्रश्नही यात दडलेला आहे. नायजेरियात 1992 मध्ये केनेथ न्नेब्वे यांनी ‘लिव्हिंग इन बाँडेज’ हा इग्बो भाषेतील चित्रपट थेट व्हीएचएस कॅसेटवर विकला आणि त्याच्या यशातून पुढे नॉलीवूड नावाने ओळखला जाणारा प्रचंड उद्योग उभा राहिला. चित्रपटगृहे ओस पडत असताना बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी घरोघरच्या व्हीसीआरवर आधारलेली अख्खी चित्रपटसृष्टी घडवली. घरगुती व्हिडिओच्या सामर्थ्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. पण नॉलीवूडवरचे माहितीपट ‘आफ्रिकी सिनेमा’ या कप्प्यात जातात आणि अमेरिकी संग्राहकांवरचे ‘व्हिडिओ संस्कृती’ या कप्प्यात. एका देशाचा अनुभव त्या देशाचे नाव न लावता साऱ्या जगाचा म्हणून मांडला जातो, बाकीच्यांना मात्र पत्ता लिहावा लागतो. ‘रिवाइंड धिस!’ निदान जपानपर्यंत गेला होता, याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

रुमानियाची गोष्ट या बाबतीत सुदैवी ठरली. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत चोरून आणलेल्या पाश्चात्त्य चित्रपटांच्या कॅसेटी लोक कोणाच्या तरी घरी गुपचूप जमून पाहत, आणि हजारो चित्रपटांतील सगळ्या पात्रांचे संवाद, स्त्रीचे असोत की पुरुषाचे, इरिना मार्गारेटा निस्तोर या एकाच स्त्रीच्या आवाजात ऐकू येत. दिग्दर्शिका इलिंका कालुगारेआनू यांच्या 2015 च्या माहितीपटाने या आवाजाला आणि तो ऐकणाऱ्या सामान्य प्रेक्षकांना केंद्रस्थानी ठेवले. तेथे कॅसेटींचे कपाट गौण आहे. एका खोलीत दाटीवाटीने बसून पाहणे हीच मुख्य कृती धरल्यामुळे म्हातारेकोतारे, बायका, मुले सगळे गोष्टीत आले, आणि त्यासाठी कोणाला वेगळी जागा राखून ठेवावी लागली नाही.

आपल्याकडे येणारा धागा मालेगावचा. भारतात 1982 च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्याच काळात व्हीसीआर पसरले. यंत्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने ते मालकीचे कमी आणि भाड्याचे जास्त होते. संच, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी आणायच्या, चाळीत किंवा गल्लीत वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत सगळ्यांनी पाहायचे, हा महाराष्ट्रातील अनेक घरांचा अनुभव आहे. गावोगावी व्हिडिओ पार्लर निघाले आणि लांबच्या प्रवासाला व्हिडिओ कोच धावू लागल्या. यंत्रमागांच्या मालेगावात नासीर शेख असेच एक व्हिडिओ पार्लर चालवत. त्यातून त्यांना चित्रपट करण्याची आवड लागली, आणि स्थानिक मित्रांना घेऊन त्यांनी गाजलेल्या चित्रपटांच्या विनोदी नकला व्हिडिओवर चित्रित करायला सुरुवात केली. फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट 2008 मध्ये पूर्ण झाला आणि 2012 मध्ये भारतातील चित्रपटगृहांत लागला. त्यात सुपरमॅनच्या मालेगावी अवताराची निर्मिती दिसते. नायक शफीक हा यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. उडण्याच्या दृश्यासाठी हिरवे कापड लावायचे, गाड्याचा आधार घेऊन कॅमेरा हलवायचा, आणि खलनायक असा की ज्याला घाणीचे वेड आहे.

हा माहितीपट प्रतिनिधित्वाच्या चर्चेत दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. मालेगावचे नाव 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांनंतर बातम्यांत एकाच संदर्भात येत होते, आणि तेथील मुस्लिम कामगाराचे चित्र संशयित किंवा बळी या दोनच रूपांत दिसत होते. इथे तो विनोदाचा जनक म्हणून येतो, पटकथेवर वाद घालतो, स्वतःच्या दारिद्र्यावर थट्टा करतो आणि शुक्रवारच्या सुट्टीला चित्रपट पाहायला धावतो. मोसम नदीच्या दोन काठांवर हिंदू आणि मुस्लिम अशी विभागलेल्या वस्तीचा उल्लेख येतो, तो कुजबुजीने नाही आणि भाषणबाजीनेही नाही. शिवाय चित्रपट कसा असावा याविषयी बोलणारे तज्ज्ञ म्हणून कोणी मुंबईचा समीक्षक बसवलेला नाही. अर्थ सांगण्याची खुर्ची नासीर शेख आणि त्यांच्या मित्रांकडेच आहे. आधी सांगितलेला दुसरा थर असा सांभाळता येतो.

पण याच माहितीपटातील एक पोकळीही डोळ्यांआड करता येत नाही. मालेगावच्या या चित्रपटसृष्टीत स्थानिक स्त्रिया काम करत नाहीत, नायिकेसाठी बाहेरगावची अभिनेत्री आणावी लागते, आणि व्हिडिओ पार्लरचा प्रेक्षकही पुरुषच. दिग्दर्शिका स्वतः स्त्री आहे, तरी तिच्या कॅमेऱ्यासमोर पुरुषांचेच जग आहे. कॅमेऱ्यामागे कोण आहे एवढे पाहून प्रतिनिधित्वाचा निवाडा करणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. अनुपस्थितीच्या दोन जाती असतात. एक, जी माणसे त्या जगात होती पण माहितीपटाने घेतली नाहीत. दुसरी, जी त्या जगातूनच वगळलेली होती. पहिलीची जबाबदारी दिग्दर्शकाची असते. दुसरी लपवण्यासाठी ओढूनताणून चार स्त्रियांच्या मुलाखती घातल्या तर प्रेक्षकाची दिशाभूलच होईल. ती पोकळी पोकळी म्हणून दिसू देणे अधिक प्रामाणिक असते, आणि या माहितीपटाने बव्हंशी तेच केले आहे. मात्र त्याच गावात घरोघरी, पार्लरबाहेर, बायका काय आणि कसे पाहत होत्या, ही गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. पार्लर हेच केंद्र धरल्यावर तिला वाट मिळत नाही.

आता उरतो प्रश्न हसण्याचा. 1983 नंतर घरगुती वापराचे व्हिडिओ कॅमेरे बाजारात आले आणि वाढदिवस, लग्ने, हौशी नाटके, जाहिरातीचे फसलेले प्रयोग असे अपार चित्रण झाले. त्यांतल्या कित्येक कॅसेटी घर रिकामे करताना भंगारात किंवा जुन्या बाजारात गेल्या. अशा कॅसेटींतील चमत्कारिक तुकडे निवडून प्रेक्षकांना हसवण्याचे कार्यक्रम अमेरिकेत 2004 पासून होत आले आहेत, आणि माहितीपटांतही असे तुकडे चव वाढवायला पेरले जातात. हसण्यात गैर काही नाही. पण ज्याच्यावर हसायचे तो कोण, तो जिवंत आहे काय, आणि त्याला हे कळले तर तो काय म्हणेल, याची चौकशी सहसा होत नाही. नावाजलेल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटातील अर्ध्या मिनिटासाठी परवानगीचा किंवा कायद्यातील सवलतीचा विचार होतो. अनोळखी माणसाच्या घरातील चित्रणासाठी मात्र, त्याच्यामागे वकील नसल्यामुळे, तो होत नाही. त्यातला माणूस गरीब, खेडवळ किंवा वेगळ्या वंशाचा असेल तर त्याचे दिसणे हे प्रतिनिधित्व ठरत नाही, ते प्रदर्शन ठरते.

चेस्टर नॉव्हेल टर्नर यांचे प्रकरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. या काळ्या अमेरिकी दिग्दर्शकाने 1980 च्या दशकात व्हिडिओ कॅमेऱ्यावर, जेमतेम पैशांत, शर्ली जोन्स या अभिनेत्रीला घेऊन दोन भयपट केले. त्यांतील 1987 च्या ‘टेल्स फ्रॉम द क्वाडेड झोन’च्या अगदी थोड्या कॅसेटी निघाल्या होत्या, त्यामुळे संग्राहकांच्या जगात ती अत्यंत दुर्मिळ मानली जाऊ लागली आणि तिची एक प्रत इंटरनेटवरील लिलावात सहाशेहून अधिक डॉलरना गेली. म्हणजे कपाटापुढील त्या गोऱ्या पुरुषांना सर्वांत हव्याशा वाटणाऱ्या कॅसेटींपैकी एक काळ्या माणसाने, काळ्या कलावंतांना घेऊन केलेली होती. तिच्याविषयी विचित्र, वेडगळ, अविश्वसनीय अशी विशेषणे वापरत बोलणारे पुष्कळ होते. ती करणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, याबाबत मात्र तो 1990 च्या दशकात अपघातात वारला ही ऐकीव गोष्ट बराच काळ खरी मानली गेली. पुढे एका छोट्या वितरकाने माग काढला तेव्हा टर्नर हयात असल्याचे आढळले. त्यानंतर, 2013 च्या सुमारास, त्यांचे दोन्ही चित्रपट त्यांच्याच संमतीने आणि सहभागाने पुन्हा प्रकाशित झाले, आणि ते का व कसे केले हे त्यांना स्वतःच्या तोंडून सांगता आले.